गळलेला ‘आम्ही’

३ नोव्हेंबर

प्रिय मुंगी,

तुझे अक्षर वाचण्यासाठी मी नवा चष्मा केला, असे लिहिले तर तू ते खरे मानशील आणि अक्षर मोठे काढू लागशील. मग तुला मुंगी कोण म्हणणार? म्हणून तसे लिहीत नाही. मात्र तुझे पत्र आले की मी खुर्ची खिडकीशी ओढून घेते, एवढे कबूल करते.

परवा काकांचा फोन आला होता. “पंडितबाई, आमच्या कन्येच्या निबंधावर नजर टाकणार का?” त्यांनी विचारले. मी “हो” म्हणाले. “आणि अर्जावर?” मी “बरं” म्हणाले. मग काका म्हणाले, “छान गप्पा झाल्या,” आणि फोन ठेवला. तुला माहीतच आहे, फोनवर माझ्याजवळ हे दोनच शब्द असतात. उरलेले सगळे पत्रात येतात.

माझी नवी नोकरी तशी माझ्या स्वभावाला मानवणारी आहे. शाळेच्या ग्रंथालयामागे एक अरुंद खोली आहे. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर कॉलेजांची माहितीपत्रके. बारावीची मुले एकेक करून येतात. कोणत्या कॉलेजला अर्ज करावा, कोणता विषय घ्यावा, आणि मुख्य म्हणजे अर्जासोबतचा निबंध कसा लिहावा, हे त्यांना सांगायचे. पहिल्या दिवशी मी घाबरून सतरा वर्षांच्या मुलाला “बसा” म्हणाले. तेव्हापासून साऱ्या शाळेत माझे नाव ‘बसाबाई’ पडले आहे. नाव वाईट नाही. निदान त्यात आदर तरी आहे.

गेल्या आठवड्यात एका मुलाने फुटबॉलवर निबंध आणला. त्यात वाक्य होते, “मी यथामती गोल अडवले.” मी विचारले, “घरी आजोबा आहेत का?” तो चपापला. म्हणाला, “तुम्हाला कसं कळलं?” मुंगी, निबंधात दुसऱ्याचा एक जरी शब्द शिरला, तरी तो मला लगेच ओळखू येतो. एरवी कशाचा म्हणून मला गर्व नाही. हा एवढा आहे.

आता तुझ्याविषयी. तुझ्या कॉलेजने निबंधाला विषय दिला आहे: ‘ज्याचे उत्तर तुम्हांला अजून मिळालेले नाही, असा एखादा प्रश्न.’ अर्ज महिनाअखेरीस बंद होतील. संख्याशास्त्राच्या जागा फार थोड्या असतात आणि तुझ्याएवढे गुण असलेली मुले पुष्कळ असतात. म्हणजे सारा भार या एका पानावर आहे. काय लिहिले असेल ते पाठव. कच्चे असले तरी चालेल.

तुझी,
ताई


९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

लिहिलं आहे, पण चारच ओळी. त्यातल्या दोन खोडल्या. उरलेल्या दोन वाचून मलाच माझी कीव आली, म्हणून पाठवत नाही.

मला पडलेले प्रश्न काही कॉलेजला सांगण्यासारखे नसतात गं. तुझ्या शाळेतली मुलं ताऱ्यांबद्दल वगैरे लिहीत असतील. मी शाळेतून आले की बेकरीच्या काउंटरवर उभी. आई हिशेब बघते, बाबा आत भट्टीपाशी, आणि मी पाव बांधून देते. यात प्रश्न कुठून येणार? इथे येतात ते सगळे एकच विचारतात, “ताजा आहे का?”

बाबा मात्र निबंधाच्या मागे हात धुऊन लागलेत. जेवताना, “झाला?” दात घासताना, “झाला?” मी म्हटलं, “बाबा, पिठासारखं झाकून ठेवलंय, फुगेल तेव्हा फुगेल.” तर म्हणाले, “ऊब लागते त्याला. नुसतं झाकून काय होतंय?” आता यावर काय बोलणार? आणि काल बघते तर पिठाच्या पोत्यांमागे बसून स्वतःच काहीतरी लिहीत होते. मला बघून कागद एप्रनच्या खिशात घातला. म्हणाले, “सामानाची यादी.”

तुला गंमत सांगते, म्हणजे पत्र अगदीच रडकं व्हायला नको. आमच्याकडे कोणीही आलं तरी पुढचा पाव घेत नाही. हात लांब करून मागचा ओढतात. सगळे पाव एकाच वेळी भट्टीतून निघालेले असतात. एकदा मी गुपचूप रांग उलटी केली, मागचे पुढे आणि पुढचे मागे. तरी मागचेच नेले. समोरच्या इमारतीतली आजी तर कोपरापर्यंत हात घालते. पुढच्या पावाने यांचं काय घोडं मारलंय, देव जाणे. आता मी रोज लिहून ठेवते, कोणी कितवा घेतला ते. आई म्हणते, “हेच अभ्यासात केलं असतंस तर.”

असो. निबंधाचं बघते. तू रागावू नकोस.

तुझी,
मुंगी


१४ नोव्हेंबर

पंडितबाईंना काकाचा आशीर्वाद.

मुंगीचा निबंध सोबत जोडला आहे. समोरच्या दुकानातून टाइप करून घेतला, म्हणजे तुला चष्मा बदलायला नको. ती लाजते, म्हणून मीच पाठवतो आहे. मी काही त्यात बोट घातलेलं नाही.

वाचून खरं ते सांग. माझी भीड ठेवू नकोस. म्हणजे तिची. वाईट असेल तर वाईट म्हण, माणूस एकदा ऐकून मोकळा होतो. पण बरा असेल तर जरा नीट सविस्तर लिही, नुसतं “हो”, “बरं” नको.

आणि एक विचारायचं होतं. असा निबंध लिहिणाऱ्याला कॉलेजात घेतात का?

तुझा,
काका


१८ नोव्हेंबर

प्रिय मुंगी,

तुझा निबंध शाळेत वाचला, घरी येऊन वाचला, आणि आज सकाळी कामावर निघण्यापूर्वी पुन्हा वाचला. इतके दिवस तू हे कुठे दडवून ठेवले होतेस?

“तेच पीठ, तेच पाणी, तोच हात. तरीही कालचा पाव आजच्या पावासारखा होत नाही. मी हवेला विचारले, तिने खिडकी आपटली. मी पिठाला विचारले, ते फुगून बसले.” हे वाचून मी खोलीत एकटीच मोठ्याने हसले. बाहेर उभ्या असलेल्या मुलीने दार किलकिले करून विचारले, “मॅडम, बसू का नंतर येऊ?”

आणि शेवट. “या प्रश्नाचे उत्तर कुठेतरी कोणालातरी ठाऊक असणार. त्या माणसासमोर एकदा बाकावर बसावे, एवढीच इच्छा आहे.” मुंगी, बाकावर बसण्याची इतकी ओढ मी माझ्या एकाही विद्यार्थ्याच्या लेखनात पाहिलेली नाही. त्यांना बाक रोज मिळतो, म्हणूनही असेल.

तुझ्या भाषेविषयी एक निरीक्षण नोंदवते. तुझ्या वाक्यांत ‘मी’ असतो, परंतु क्रियापद त्याच्यामागे जात नाही. मी पीठ मळले, मी पाणी मोजले, मी भट्टी पेटवली. दर वेळी मान मिळतो तो पिठाला, पाण्याला, भट्टीला. लिहिणारी व्यक्ती आपल्या कामाआड उभी राहते. ही नम्रता शिकवून येत नाही.

चूक म्हणावी अशी एकच सापडली. दुसऱ्या परिच्छेदात “पहाटे उठलो, पीठ मळले, झाकून ठेवले” असे आहे. मुलगी ‘उठले’ लिहील. ‘उठलो’ लिहिले आहेस त्याअर्थी तुझ्या मनात तुम्ही सगळे होतात आणि टाइप करताना कर्ता गळला. तेथे मी लाल पेन्सिलीने ‘आम्ही’ घालून कागद सोबत परत पाठवला आहे. याखेरीज एक अक्षरही बदलू नकोस. जशाच्या तसा पाठव.

गेल्या पत्रातली तुझी पावांची गंमत वाचून करमणूक झाली. पण निबंध म्हणजे निबंध. तू गंभीरपणे लिहू लागलीस की कुठल्या कुठे जातेस, हे आता तुलाही कळले असेल.

काकांनाही हे पत्र वाचून दाखव. त्यांना फार उत्सुकता होती.

तुझी अभिमानी,
ताई


२१ नोव्हेंबर

ताई,

‘आम्ही’ गळलेला नाही. पहाटे बाबा एकटेच उठतात. मी सातला उठते, तेही आईने पांघरूण ओढल्यावर.

निबंध बाबांचा आहे. ती ‘सामानाची यादी’. मला दाखवला होता, “नमुना म्हणून बघ” म्हणाले. मी बघितला आणि माझ्या दोन ओळीही फाडून टाकल्या. तो त्यांनी तुला पाठवल्याचं मला तुझं पत्र आल्यावर कळलं.

तू वाचून दाखव म्हणालीस, म्हणून मी दाखवलं. आधी स्वतः वाचायला हवं होतं. अर्ध्यावर आल्यावर कळलं काय चाललंय, पण बाबा समोर बसले होते आणि त्यांचा चेहरा बघून मला थांबताच येईना. “नम्रता शिकवून येत नाही” यावर ते उठून भट्टी बघायला गेले. भट्टी बंद होती, ताई. बऱ्याच वेळाने आले आणि म्हणाले, “ते मघाचं परत वाच, हसली ते.” आई म्हणाली, “आता महिनाभर यांच्याशी बोलायची सोय नाही.”

तेव्हापासून शीळ घालतात. गिऱ्हाइकांना सुटे पैसे देताना पण शीळ. आणि मला सांगतात, “पाठवून दे. पंडितबाईंनी शिक्का मारलाय.”

मी कशी पाठवू? त्यात मी नाहीच. समजा घेतलं त्यांनी मला आणि विचारलं, काय गं, पीठ कसं फुगतं? तर मी काय फुगून बसू? आणि नाही पाठवला तर बाबांना वाटणार की त्यांचं चुकलं. त्यांनी माझ्यासाठीच केलंय गं सगळं. त्यांना दुखवायचं नाही आणि खोटंही पाठवायचं नाही, याचं उत्तर मला सापडत नाही. अर्ज बंद व्हायला आता थोडेच दिवस राहिलेत, आणि मला ते कॉलेज खरंच हवं आहे. हे मी कोणाला बोलले नव्हते.

तू बाबांना फोन कर ना. मला माहीत आहे तुला जमत नाही. तरी कर.

मुंगी


२४ नोव्हेंबर

प्रिय मुंगी,

फोन केला. आधी कागदावर चार वाक्ये लिहून घेतली होती. काका “बोल” म्हणाले आणि तो कागद मला परक्या लिपीतला वाटू लागला.

शेवटी म्हणाले, “काका, निबंध तुमचा आहे.”

“कशावरून?”

“उठलो.”

काका म्हणाले, “एवढं सांभाळून लिहिलं गं. प्रत्येक वाक्य असं वळवलं की कळू नये बाई आहे का बुवा. आणि हा एक मेला निसटला.”

म्हणजे ज्याला मी नम्रता म्हटले, ते काकांचे लपणे होते. आणि जिथे ते उघडे पडले, तिथे मी लाल पेन्सिलीने नवा पडदा शिवून दिला. एका ‘यथामती’वरून आजोबा ओळखणाऱ्या बसाबाईंना आपला सख्खा काका ओळखता आला नाही. हे तू शाळेत कोणाला कळवू नकोस. तशी तुझी येथे कोणाशी ओळख नाही, हे माझे भाग्य.

ते पुढे म्हणाले, “मग काय, गेलं वाया?” मी “बरं” म्हणाले. मुंगी, इतका चुकीचा ‘बरं’ मी आयुष्यात उच्चारला नव्हता. पण रागावले नाहीत ते. “तिला सांग, तिचं तिने लिहावं. मी आता विचारणार नाही झाला का म्हणून,” असे म्हणाले. त्यामुळे ती एक चिंता तू सोड.

आता माझी दुसरी चूक. तुझा निबंध मला आलेला होता, नऊ तारखेच्या पत्रात, आणि मी त्याला करमणूक म्हटले. पुढचा पाव कोणी का घेत नाही? तू रांग उलटी करून पाहिलीस. नोंदी ठेवतेस. ज्याला संख्याशास्त्र शिकायचे आहे त्याने याहून वेगळे काय करायचे असते? मी भाषेची सजावट शोधत बसले, आणि तू चिंधीत बांधून दिलेला प्रश्न बाजूला सारला. मागचा पाव ओढणाऱ्या त्या आजींमध्ये आणि माझ्यात फरक तो काय?

तुझ्या पत्रातला तो परिच्छेद उतरवून सोबत पाठवते. त्यातील एकही शब्द माझा नाही. तेथून सुरुवात कर, आणि मला दाखवू नकोस. माझी लाल पेन्सिल मी त्या फुटबॉलवाल्या मुलाला देऊन टाकली आहे. त्याने नवा निबंध आणला: “मी गोल अडवले. काही सुटले. सुटलेले जास्त आठवतात.” मी त्याला काही सांगितले नाही. फक्त म्हणाले, “बस.”

तुझी,
ताई


२९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

पाठवला. शेवटच्या दिवसाची वाट नाही बघितली. पहिलं वाक्य सांगते, बाकीचं नाही: “पुढच्या पावाने कोणाचे घोडे मारले आहे, हा माझा प्रश्न आहे.” बघू, हाकलून देतात की काय.

पाठवायच्या आधी बाबांना वाचायला दिला. काउंटरवरच उभे राहून वाचला त्यांनी. मध्ये दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना हातानेच थांबा म्हणाले. वाचून झाल्यावर म्हणाले, “तू हे सगळं इथे उभी राहून बघत होतीस? मला वाटायचं, तू कंटाळतेस.”

मी म्हटलं, “कंटाळतेच. म्हणून तर बघते.”

ते हसले. मग समोरची आजी आली आणि तिने कोपरापर्यंत हात घातला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. आजी म्हणाली, “काय झालं? शिळा आहे का?”

पण शीळ थांबली आहे, ताई. स्वतःच्या निबंधाचा कागद त्यांनी पावाच्या साच्यांच्या कपाटात ठेवलाय. फाडला नाही. मी विचारलं तर म्हणाले, “राहू दे, खात नाही, पीत नाही.”

तुझी,
मुंगी


५ डिसेंबर

प्रिय काका,

तुमच्या “गेलं वाया?” या प्रश्नाला मी फोनवर “बरं” म्हणाले होते. ते उत्तर मागे घेत आहे.

सोबत एक माहितीपत्रक पाठवते. मुंगीच्याच कॉलेजात संध्याकाळचा एक अभ्यासक्रम आहे, अन्नविज्ञानाचा. धान्य, पीठ, आंबवणे, ओलावा हे सगळे त्यात शिकवतात. वयाची अट नाही. मी तेथे पत्र पाठवून विचारून घेतले. शाळेचे शेवटचे वर्ष उत्तीर्ण असावे, आणि ते तुम्ही आहात. अर्ज मार्चमध्ये घेतात. सोबत निबंध लागतो. विषय सर्वांना एकच असतो.

तुम्ही मला लिहिलेल्या पत्रात विचारले होते, असा निबंध लिहिणाऱ्याला कॉलेजात घेतात का. मी तेव्हा प्रश्न नीट वाचला नाही. मला ठाऊक नाही, काका. पण त्याने अर्ज केला पाहिजे, एवढे माझ्या नोकरीच्या अधिकाराने सांगू शकते. मी निबंधाबद्दल जे जे लिहिले होते, ते लिहिणाऱ्याचे नाव कळल्यावरही तसेच्या तसे खरे आहे.

तुमची,
पंडितबाई


२० मार्च

पंडितबाई, बसाबाई, जी कोण असशील ती, तुला आशीर्वाद.

पहिली बातमी, मुंगीला घेतलं. काल पत्र आलं. खाली कोणीतरी पेनाने लिहिलंय, “आमच्या उपाहारगृहातही मागचाच घेतात. या, शोधून काढू.” तिने ते इतक्या वेळा वाचलं की तिच्या आईने कागद काढून घेतला, म्हणाली फाटेल.

दुसरी बातमी मी सांगणार नव्हतो, पण तुझ्यापासून काय लपतंय? म्हणजे लपलं होतं, पण ते जाऊ दे.

डिसेंबरात तुझं पत्र आलं तेव्हा मी म्हटलं, या वयात बाकावर बसलो तर बाक मोडेल. माहितीपत्रक ठेवून दिलं साच्यांच्या कपाटात, त्या कागदाशेजारी. रोज साचा काढताना दोन्ही दिसायचे. बायको म्हणाली, “एक तर फाडा, नाहीतर भरा. कपाटात जागा नाही.” मग भरला. संध्याकाळचे वर्ग आहेत, झोप लागायची भीती वाटते. मुंगी म्हणते, “पुढच्या बाकावर बसा.” मी म्हटलं, पुढचा कोणी घेत नाही, तुझंच संशोधन आहे.

आज सकाळी अर्ज टपालात टाकला. घेतील न घेतील. विचारायचं होतं ते विचारलं, आता शीळ पुन्हा सुरू झाली आहे.

निबंधाचं म्हणशील तर तू सांगितलं होतंस, एक अक्षरही बदलू नकोस. नाही बदललं. फक्त तुझा तो लाल ‘आम्ही’ खोडायला पेन उचललं होतं, कारण आता लिहिणारा मीच, आणि माझ्यापुरतं ‘उठलो’ बरोबरच होतं. पण मुंगीचं हल्ली नवीन खूळ आहे. माझ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत सापडेल म्हणते. जानेवारीपासून रोज पहाटे माझ्याबरोबर उठते, भिंतीवरच्या यंत्रात हवेचा ओलावा बघते, आणि पीठ किती फुगलं ते पट्टीने मोजून लिहून ठेवते. डोळे अर्धे मिटलेले असतात, पण उठते.

म्हणून पेन खाली ठेवलं. तुझा ‘आम्ही’ राहू दिला आहे.

तुझा,
काका